मदत हवी आहे: स्कर्टिंगचे कोपरे आणि दाराची पट्टी

नमस्कार. पुण्यातील आमच्या सदनिकेत लॅमिनेट फ्लोअरिंग झाल्यावर एमडीएफची (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची पट्टी, आणि दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी मी स्वतः बसवत आहे. फ्लोअरिंगला फुगण्यासाठी सोडलेली १० मिमीची फट झाकली जावी, पण फळ्या जखडू नयेत, म्हणून स्कर्टिंग केवळ भिंतीलाच पकडायची, हे ठाऊक आहे.

अडचण आतल्या कोपऱ्यांची आहे. दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापूनही सांधा उघडा राहतो, कारण कोनमापकाने पाहता कोपरा ९२ अंशांचा निघाला (गवंड्याची कृपा!). करवत ४४ अंशांवर लावून दोन्ही तुकडे पुन्हा कापावेत, की एक तुकडा सरळ भिंतीला टेकवून दुसऱ्याचे टोक त्याच्या नक्षीबरहुकूम कोरावे? दुसरा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. मात्र कोरताना एमडीएफची कड उडते, त्यासाठी कोणते पाते वापरावे?

शिवाय दाराची पट्टी १२ मिमी आणि स्कर्टिंग १५ मिमी जाड असल्यामुळे स्कर्टिंगचे टोक पट्टीपुढे ३ मिमी डोकावते. टोकाला उतार द्यावा, की पट्टीच्या पायाशी जाड ठोकळा बसवावा? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.