मदत हवी आहे: पोकरमध्ये बबलवर (एक जण बाहेर गेला की बाकी सगळ्यांना बक्षीस, अशा टप्प्यावर) ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) कॉल करायचा, म्हणजे तेवढ्या चिप्स घालायच्या, की पत्ते टाकून हात सोडायचा?

नो-लिमिट होल्डेम टूर्नामेंट. १० जण उरलेत, बक्षिसं ९ जणांना. दोन टेबलं, प्रत्येकी पाच. ब्लाइंड (पत्ते वाटण्याआधी दोघांनी घालायच्या सक्तीच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) १,०००/२,०००, शिवाय बिग ब्लाइंडने सगळ्या टेबलासाठी भरायचा अँटी २,०००.

बटणवरच्या (डीलरच्या जागेवरच्या) मोठ्या स्टॅकवाल्याने (६०,००० चिप्स) ऑल-इन केलं, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. मी बिग ब्लाइंडवर, हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटची अठ्ठी. अँटी गेल्यावर ब्लाइंड धरून माझे २४,०००.

पॉटचा हिशोब सरळ आहे. मला लागू होणारा पॉट २९,०००, घालायचे २२,०००. म्हणजे २२ भागिले ५१, सुमारे ४३ टक्के वेळा जिंकलो तरी कॉल परवडतो. त्याने निम्मे हात ढकलले (म्हणजे त्यांवर ऑल-इन केलं) असं धरलं तर एक्का-अठ्ठीला साधारण ५५ टक्के मिळतात. नुसत्या चिप्स मोजल्या तर कॉल उघड आहे.

अडचण आयसीएमची, म्हणजे चिप्सची किंमत बक्षिसाच्या पैशांत मोजण्याच्या हिशोबाची. दुसऱ्या टेबलावर ७,००० आणि ८,००० चे दोन स्टॅक आहेत आणि एका फेरीला ५,००० जातात, त्यामुळे त्यांची वेळ भरत आलीय. पत्ते टाकले तर माझ्याकडे ११ बिग ब्लाइंड राहतात. हरलो तर बक्षिसाशिवाय बाहेर. इथे ४३ वर किती टक्के जास्त धरायचे? १० की त्याहून अधिक?

दुसरं, बटणवाल्याची रेंज, म्हणजे तो ज्या हातांवर ऑल-इन करेल ते सगळे हात. कॅल्क्युलेटर त्याला खूप हात ढकलायला लावतो, पण प्रत्यक्षात बरेच जण तेवढं ढकलत नाहीत. रेंज आवळली की वरचढ एक्के आणि मोठ्या जोड्यांचं प्रमाण वाढतं, आणि एक्का-राजासमोर हा हात जेमतेम पाव वेळा जिंकतो.

अशा जागी तुमची कॉलची सीमा कुठे असते? सत्तीची जोडी आणि एक्का-दश्शी यांत आधी काय टाकाल?