माथेरानचं संथपण: भांडवल की बेडी?

लालमाती:
इटलीतल्या ग्रेवे, ऑर्व्हिएतो, ब्रा आणि पोझितानो या छोट्या गावांनी १९९९ साली 'चित्तास्लो', म्हणजे 'संथ शहर', ही चळवळ उभी केली. सदस्य व्हायचं तर वस्ती पन्नास हजारांच्या आत हवी. मोटारी कमी, स्थानिक पिकं आणि कारागिरीला मान, अशी तिची दिशा. माथेरान हे फार आधीपासून जगतंय. गावाच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापुढे खासगी गाडी जात नाही आणि २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. चालावं लागतं म्हणून माणूस इथे मुक्काम करतो, आणि मुक्कामावरच लॉज, खानावळी, चिक्कीची दुकानं चालतात. गाडी थेट पॉइंटपर्यंत गेली की पर्यटक दोन तासांत फोटो काढून खाली उतरेल. गावानं याच वाटेनं पुढे जावं, असं माझं ठाम मत आहे.

घाटमाथा:
हे संथपण कोणाच्या खांद्यावर उभं आहे? आजवर माणसानं माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. सिलिंडर, किराणा, बांधकामाचं सामान घोड्यावर नाहीतर डोक्यावर. मग वरची महागाई रहिवाशांनीच सोसायची. पाहुण्याला दोन दिवस गंमत वाटते, तिथे राहणाऱ्याला बारा महिने काढायचे असतात.

लालमाती:
हातरिक्षा जायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण म्हणून मोटारींना वाट मोकळी करायची गरज नाही. गुजरातमधल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा भाड्यानं द्याव्यात आणि त्या हातरिक्षावाल्यांना मिळाव्यात, असं न्यायालयानंच सुचवलंय. शाळेच्या पोरांची पायपीटही वाचेल.

टापांचा आवाज:
आणि घोडेवाल्यांचं काय? ई-रिक्षा वाढल्या की सवारी तिकडे जाणार. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवर घोडा घसरतो, हे आम्ही रोज बघतो. उलट ब्लॉक नसतील तर पावसात लाल माती वाहून जाते, हेही खरं. दोन्ही बाजू धरून कोण बोलतंय?

घाटमाथा:
हाच माझा मुद्दा. 'संथ' म्हणायचं तर आधी मालवाहतुकीची आणि घोडेवाल्यांच्या रोजगाराची सोय करा. तोवर मी याला विकास म्हणणार नाही.

लालमाती:
मालासाठी नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे वापरा की! १९०७ पासून रूळ आहेत. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) ती बंद असते, तेवढ्यापुरती मालवाहू ई-गाडी द्या. घोडेवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे आज नाही.