पीस टर्न : गिरकी, प्रदक्षिणा की फुगडी?

उपशीर्षकवाली : स्कायडायव्हिंगच्या एका प्रशिक्षणपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. चौघं जण पोटावर आडवे, एकमेकांचे हात-पाय धरून हवेत आकृत्या करतात, तो प्रकार. त्यात सारखं येतं, 'पीस टर्न करा'. आकृती मधोमध सुटते, दोघं-दोघं आपापली पकड न सोडता फिरतात आणि पुन्हा जुळतात. मी 'तुकडा फिरवा' असं लिहिलं. बहीण म्हणाली, "बर्फीचा का?" सुचवा काहीतरी.

शनिवारपेठी : तुकडा नकोच. तुकडा म्हणजे मोडल्यावर उरतो तो. इथे तर न सुटण्यातच सगळं आहे. 'जोडी' म्हणा, आणि फिरण्याला 'गिरकी'.

पेरिसकर : पॅरिस नव्हे, पेरिस, कॅलिफोर्नियातलं. सुट्टीच्या दिवशी तिथे उड्या मारतो म्हणून तोंड घालतोय. जोडी प्रत्येक वेळी चालणार नाही. चौघांच्या स्पर्धेत 16 'रँडम' (एकेक सुटी आकृती) आणि 22 'ब्लॉक' (दोन आकृत्या आणि त्यांच्या मधलं ठरलेलं फिरणं) असतात. हे फिरणं ब्लॉकमधलं. काही ब्लॉकमध्ये तिघं एकत्र आणि चौथा सुटा असतो. तिघांची जोडी कशी म्हणायची? आम्ही आपले 'पीस'च म्हणतो.

शनिवारपेठी : मग 'जुडी'?

उपशीर्षकवाली : बर्फीवरून कोथिंबिरीवर आलो.

निवृत्त भूगोल : गिरकी स्वतःभोवती असते, एकट्याची. आधी ठरवा, हे परिवलन आहे की परिभ्रमण? पृथ्वी स्वतःच्या आसाभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. मुलं परीक्षेत हमखास उलट लिहितात.

पेरिसकर : सर, नवशिकेही हवेत हमखास उलट करतात! समजा, मागच्याने पुढच्याचे पाय धरलेत. पुढचा एकटाच हातांनी हवा ढकलून वळला, तर जोडी फिरते खरी, पण फिरता फिरता बाजूला सरकते. मागचा नुसता लोढणं होतो. तोवर दुसरी जोडी जागेवर फिरून वाट बघत असते आणि मधे हे एवढं अंतर पडलेलं. बरोबर जमलं तर पुढचा एका बाजूला आणि मागचा, आपल्या पायांनी हवा ढकलत, विरुद्ध बाजूला जातो. दोघांचा मध्य तिथल्या तिथे राहतो. म्हणजे जोडीचं परिवलन. जोडीतला प्रत्येक जण मात्र त्या मध्याभोवती फिरतो, म्हणजे परिभ्रमणही आहेच. कुठला शब्द घ्यायचा ते तुम्हीच सांगा.

निवृत्त भूगोल : तर मग परिवलन. पण उपशीर्षकात कोण वाचणार ते!

भाविक : प्रदक्षिणा?

शनिवारपेठी : प्रदक्षिणेत मधे देव लागतो, आणि दिशाही ठरलेली. देव उजव्या हाताला. डावीकडे फिरा असं सांगायचं झालं तर अपसव्य म्हणावं लागेल. त्यातून संस्कृतात 'सव्य' म्हणजे मुळात डावा (सव्यसाची आठवा) आणि आपल्या बोलण्यात उजवा. दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली पडणाऱ्या माणसाला हे कोण समजावणार?

गुहागरची : एवढा वेळ कोणाला फुगडी आठवली नाही? दोघी, हात घट्ट, मध्य जागच्या जागी. एक अंगाने भरलेली असली की मध्य तिच्याकडे सरकतो आणि हलकी मोठ्या वर्तुळात भिरभिरते. भावजयीबरोबर घालताना दर गौरीला अनुभवते.

पेरिसकर : ताई, वजनाचं अगदी हेच! मध्य म्हणजे दोघांच्या बरोब्बर मधली जागा नव्हे. जड गडी थोडा फिरतो, हलक्याला लांबचा पल्ला. एक फरक मात्र आहे. फुगडी थांबवायला पायाखाली जमीन असते, आम्हाला थांबायलाही हवाच. 360 अंश फिरायचंय आणि तिथे पोचल्यावर थांबायला लागलात तर पुढे गेलातच. आधीपासून उलटा दाब द्यावा लागतो. घाईत दुसऱ्या जोडीच्या वर गेलात तर तिच्या पाठीवरच्या विस्कटलेल्या हवेत आधारच मिळत नाही, धप्पकन खाली. विमान सोडल्यापासून 35 सेकंद मोजतात, त्यात किती आकृत्या बिनचूक होतात त्यावर गुण. फिरताना जोडीतली पकड सुटली की तो गुण गेला.

शनिवारपेठी : फुगडी मान्य. 'फिरकी' मात्र नको, कोणीतरी आपली घेतंय असं वाटतं.

उपशीर्षकवाली : पहिल्यांदा येईल तिथे 'पीस' ठेवते. समजावून सांगतात त्या जागी 'फुगडीसारखं फिरा, मध्य हलू देऊ नका'. नंतर नुसतं 'जोडीने फिरा', आणि तिघं असतील तिथे 'तिघं मिळून फिरा'. आता पुढचं. चार जागांची नावं आहेत पॉइंट, आउटसाइड सेंटर, इनसाइड सेंटर आणि टेल. त्या टेलचं काय करू?

पेरिसकर : शेपूट लिहू नका एवढीच विनंती. मी टेलच आहे.

गुहागरची : शेवटचा गडी?