'कुड ऑफ' आणि 'आक्स' एका पंक्तीत नकोत

चुकीचं इंग्रजी म्हणून 'आय कुड ऑफ गॉन' ('मी जाऊ शकले असते', 'कुड हॅव'च्या जागी 'कुड ऑफ') आणि 'आय आक्स्ड हिम' ('मी त्याला विचारलं', 'आस्क्ड'च्या जागी 'आक्स्ड') या दोन्हींवर लोक सरसकट राग काढतात, ते काही पटत नाही. 'कुड ऑफ' ही लिहिण्यातली चूक आहे. 'कुड हॅव'चं आखूड रूप बोलताना तसंच ऐकू येतं, म्हणून लोक तसंच टंकतात. त्यावर खुशाल चिडा, मीही चिडते.

'आक्स'चं प्रकरण मात्र निराळं. जुन्या इंग्रजीत 'आस्क' आणि 'आक्स' या दोन्हींची पूर्वरूपं शेजारी नांदत होती. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने 'आक्स' वापरलंय, १५३५ च्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलमध्येही ते आहे. पुढे प्रमाण इंग्रजीत 'आस्क' टिकलं आणि 'आक्स' बोलींमध्ये उरलं, अमेरिकेत मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या. आता तेच कानावर पडलं की माणूस अडाणी ठरतो! उच्चाराच्या नावाखाली राग नक्की कुणावर निघतो, हे ज्याचं त्याने तपासावं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गकडचं 'द कार नीड्स वॉश्ड' (प्रमाण इंग्रजीत 'नीड्स टू बी वॉश्ड', म्हणजे गाडी धुवायला हवी) हेही तसंच, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडकडच्या अल्स्टरहून आलेल्यांची देणगी. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण तिथे ते नियमाने चालतं.

राहिला 'लेस-फ्यूअर'चा वाद, म्हणजे मोजता येणाऱ्या वस्तू कमी असतील तर 'लेस' चालत नाही, 'फ्यूअर'च हवं, हा आग्रह. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' लावायची पद्धत पार नवव्या शतकातल्या इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या काळापासूनची. १७७० मध्ये रॉबर्ट बेकरने 'फ्यूअर' बरं वाटतं असं स्वतःचं मत मांडलं, त्याचा पुढच्यांनी कायदा केला. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केटने २००८ साली कमी वस्तू घेणाऱ्यांच्या काउंटरवरच्या पाटीवर 'ऑर लेस'ऐवजी 'अप टू' लिहायचं ठरवून वादातून अंग काढून घेतलं.