आईचं ब्रेन ट्रेनिंग अॅप बंद करू का?

मी: सगळ्यांना एक विचारायचंय. आईच्या फोनवर मी ते मेंदूच्या व्यायामाचं अॅप टाकून दिलं होतं ना, ती रोज दुपारी नेमाने बसते त्यावर, पण हल्ली स्कोअर आला की गप्प होते. काल म्हणाली, माझं डोकं आता चालत नाही गं. मला फार लागलं ते, म्हणून आज सुट्टी टाकून शेजारी बसले. तर अक्षरं येतात आणि त्यातून इंग्रजी शब्द करायचा! जिचं आख्खं आयुष्य मराठीत गेलं, उतारवयात परदेशात आली, ती सूचना वाचून मनात मराठी करेपर्यंत निम्मा वेळ संपलेला. त्यात बोटं कोरडी पडलीत, एकदा दाबलं तर स्क्रीनला कळत नाही, परत दाबेपर्यंत चूक धरतात. हा स्मरणशक्तीचा स्कोअर कसा काय?

दादा: तरी बंद नको करूस. तुम्ही दोघं दिवसभर कामावर, ती एकटी, बाहेर कुणाची भाषा येत नाही. डोक्याला काहीतरी काम हवं ना. आणि यावर संशोधन झालंय म्हणे.

ताई: झालंय रे, पण कशावर ते बघ. अमेरिकेत अॅक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास झाला, ६५ च्या पुढची २,८३२ माणसं, कुणाला स्मरणशक्तीचं, कुणाला तर्काचं, कुणाला झटकन बघून ओळखायचं शिकवलं. दहा वर्षांनी तपासलं तर तर्क आणि झटकन ओळखायचा वेग यांचा फायदा टिकलेला, स्मरणशक्तीचा नाही. म्हणजे ज्याचा सराव ते सुधारतं, त्यावरून कुठलंही अॅप विसरभोळेपणा थांबवतं असं होत नाही. ल्युमॉसिटी नावाच्या मेंदूच्या खेळांच्या अॅपने तसेच दावे केले होते, २०१६ मध्ये ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पकडलं आणि २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

वहिनी: भाषेचं अगदी पटलं. सिडनीत रुडास नावाची डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, चाचणी मुद्दाम वेगवेगळ्या भाषांच्या लोकांसाठी बनवली, शिक्षण आणि भाषा आड येऊ नये म्हणून. डॉक्टरांना एवढं बघावं लागतं आणि आपण फोनवरचा आकडा खरा मानतोय. आईंनी अजिबात मनाला लावून घेऊ नये.

मी: आणि ऐका, त्यातच एक गेम आहे, मधे गाडी दिसते, कडेला क्षणभर खूण चमकते, कुठे ते सांगायचं, शब्द एकही नाही. आईने मला सरळ हरवलं त्यात! पण आवाज ऐकून आकडे उलटे सांगायचे तिथे पार गडबड, फिफ्टीन की फिफ्टी कळेचना.

ताई: थांब थांब. आवाज वाढवून दिलास का? कान कधी तपासलेत तिचे? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या डिमेन्शियावरच्या अहवालात धोका वाढवणाऱ्या ज्या १४ गोष्टींवर काही करता येतं असं दिलंय त्यात कमी ऐकू येणं आहे आणि एकटं पडणंही आहे. अॅपचं नंतर बघू, आधी कान.

दादा: हे डोक्यातच आलं नाही माझ्या. फोनवर ती नुसतं हो हो करते, मला वाटायचं दमली असेल. किती महिने झाले असतील याला...

मी: या आठवड्यातलीच अपॉइंटमेंट घेते.

मावशी: आत्ता वाचलं सगळं. अक्काचं डोकं उत्तम आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा हिशोब ती मला अजून तोंडपाठ सांगते. मी रोज मराठी शब्दकोडं सोडवते, उद्यापासून फोटो पाठवते, व्हिडिओ कॉल लावून आम्ही दोघी बसू.

आई: मी पण वाचते आहे सगळं. कानाचं खरं आहे, डावा फार दिवस झाले, तुमच्या कामात कशाला सांगायचं म्हणून बोलले नाही. गाडीचा खेळ राहू दे, तो मला आवडतो. इंग्रजी शब्दांचा काढून टाक. आणि कोड्याचा फोटो जरा जवळून काढ गं, मागच्या वेळी चौकोनातले आकडे दिसले नव्हते.