पीएस4 आणि 43 डिस्क: मुलीसाठी ठेवू की विकू?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फिटर आहे. 2015 च्या दिवाळी बोनसमधून पीएस4 (प्लेस्टेशन 4, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) घेतला, मग महिन्या-दोन महिन्याला एक असं करत गेमच्या 43 डिस्क जमवल्या. 2019 च्या पुरात खालच्या खोलीत छातीभर पाणी आलं. मशीन डोक्यावर धरून माळ्यावर ठेवलं, पण डिस्कचा खोका खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर बायकोनं आणि मी एकेक डिस्क साध्या पाण्यानं धुतली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं मधून कडेकडं पुसली. कव्हरातले कागद दोरीवर चिमटे लावून वाळवले. 'ब्लडबोर्न' ह्या गेमच्या कागदावर तळापासून दोन बोटं वर गाळाची पिवळी रेघ अजून आहे.

मुलगी आता सहा वर्षांची झाली. मेव्हणा म्हणतोय, पीएस5 च्या जमान्यात ह्याला कोण विचारतंय, मिळेल त्या भावाला देऊन टाक. दुसरीकडं 2021 मध्ये अमेरिकेत 'सुपर मारिओ 64' ह्या जुन्या गेमची एक सीलबंद प्रत 15 लाख 60 हजार डॉलरला गेल्याचं वाचलंय. मला पैशाची आशा नाही. वीस वर्षांनी तिनं हा खोका उघडला तर त्यातलं काय चालेल, एवढंच कळायला पाहिजे.

सोल्डरवाला, राजारामपुरी:
भावा, विकू नकोस. पण मारिओचा हिशेबही लावू नकोस. 1996 ला तो गेम आला तेव्हा पोरांनी खोकी आणली तशी फाडली आणि खेळत बसली, म्हणून न फोडलेली प्रत दुर्मीळ. आता लोक मुद्दाम सील न फोडता कपाटात ठेवतात. शिवाय पीएस4 जगभरात 11 कोटींच्या वर खपलाय, नुसता जुना झाला म्हणून त्याला भाव येणार नाही.

माझ्या मते पुढं किंमत एकाच गोष्टीला राहील: नेट नाही, कंपनीचा सर्व्हर (नेटवरून गेम चालवणारा संगणक) बंद, तरी डिस्क घातली की गेम सुरू होतो का. 'द क्रू' हा नेटवरच चालणारा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, त्याचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले. डिस्कवर एक ओरखडा नसला तरी आता त्यात खेळण्यासारखं काही नाही. 'कॉनकॉर्ड' हा ऑनलाइन गेम 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला काढूनही घेतला, दोन आठवड्यांत. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच 2 मशीनच्या गेम-की कार्डात तर गेमच नसतो, तो नेटवरून उतरवून घ्यायचा. उद्या सर्व्हर गेला की हातात नुसती किल्ली, कुलूप गायब. ह्याच्या उलट निन्टेन्डोच्याच 3डीएस ह्या हातात धरायच्या मशीनचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद झालं, तरी त्याची कार्ट्रिज (गेम असलेली छोटी कार्डं) आजही घातली की चालतात. जपायचं ते असलं.

आता तुझ्या मशीनचं. आत बटणाएवढा सीआर2032 सेल असतो, घड्याळ त्याच्यावर चालतं. पूर्वी तो मेला आणि नेटवरून वेळ जुळवता आली नाही, तर डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू व्हायचा नाही. 2021 च्या 9.00 ह्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर ती अडचण गेली, म्हणून अपडेट आत्ताच मारून ठेव. माझ्याकडं येणाऱ्या पीएस4 मध्ये थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली असते, आणि पॉवर सप्लायच्या उबेला झुरळांनी घर केलेलं असतं. पावसाळ्यात महिने न् महिने कपाटात कोंडून ठेवू नकोस. महिन्यातून एकदा तासभर चालव.

आणि एक कर. नेट पूर्ण बंद करून, गेम मशीनमधून उडवून, नुसत्या डिस्कवरून परत टाकून बघ. तुझी खरी यादी तीच.

रंकाळा_संध्याकाळ:
डिस्क ड्राइव्हवाल्या पीएस5 वर पीएस4 चे बहुतेक गेम चालतात, त्यामुळं मशीन गेलं तरी डिस्क वाया जात नाहीत. मी 2022 ला माझा अख्खा संच एका मित्राला देऊन बसलो. आता त्यातले दोन गेम परत शोधतोय, आणि कव्हरसकट चांगली प्रत मिळेना.

शाहूपुरीकर:
सोल्डरवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. वायफाय बंद करून तीन रात्री बसलो, 19 डिस्क झाल्या. 'द क्रू' सर्व्हर शोधत तसाच थांबला, तो वेगळा काढला. एका क्रिकेटच्या डिस्कवर पुराचा ओरखडा आहे, ती अर्ध्यातच अडकते. बाकी 17 पहिल्या पडद्यापर्यंत आल्या आणि मी प्रत्येकात थोडं खेळूनही बघितलं. पिवळ्या रेघेचा 'ब्लडबोर्न' पूर्ण चढला. मुलगी शेजारी बसून पट्टीवरचे टक्के मोठ्यानं वाचत होती, शंभर झाल्यावर तिनंच बटण दाबलं.

राहिलेल्या 24 ह्या आठवड्यात करतो. चाललेल्यांच्या कव्हरात तारीख लिहून चिठ्ठी ठेवतोय, म्हणजे पुढं तिला कळेल. पंख्याचा आवाज मात्र वाढलाय. शनिवारी सुट्टी आहे, मशीन घेऊन येतो. पेस्ट आणि सेल दोन्ही बदलून द्याल का?

सोल्डरवाला, राजारामपुरी:
अकराच्या आत ये. आणि 'द क्रू' टाकून देऊ नकोस, कव्हरासकट तोही त्याच खोक्यात ठेव.