'वॉक द लाइन'ची डिस्क १३० मिनिटांतच संपते. कापलेली आहे का? आणि आता ब्लू-रे घ्यावी की लांबवलेली डीव्हीडी?

काळीदोन

अमेरिकन गायक जॉनी कॅशवरचा 'वॉक द लाइन' (२००५, दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड). हाताशी ब्रिटनची डीव्हीडी आहे, रीजन २ (डिस्क कुठल्या प्रदेशासाठी आहे त्याचा आकडा), पाल (युरोपातली टीव्हीची पद्धत). तीन शंका आहेत.

सिनेमाची लांबी सगळीकडे १३६ मिनिटं दिलेली असते, पण श्रेयनामावली संपते तेव्हा प्लेअरचा काउंटर साडेएकशेतीसच्या आसपास असतो. मधे कुठे तुटल्यासारखं दिसत नाही. काही कापलंय का?

दुसरं, गाणी साउंडट्रॅकच्या सीडीपेक्षा चढी आणि किंचित घाईत वाटतात. कॅशचं काम करणाऱ्या वाकीन फिनिक्सचा आवाज सीडीवर जास्त भरीव आहे. हे मिक्सिंग वेगळं असल्यामुळे का?

तिसरं, नवीन घ्यायची तर अमेरिकन ब्लू-रे, की २००८ ची 'एक्स्टेंडेड कट' डीव्हीडी?

सामान असं: भारतात घेतलेला ब्लू-रे प्लेअर, ५५ इंची फोर-के टीव्ही (२०२१ चा एलजी), एआरसीवर (टीव्हीचा आवाज बारकडे नेणारी एचडीएमआयची सोय) जोडलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) साउंडबार.

फ्रेममोज्या

पहिल्या दोन शंका एकच आहेत. काही कापलेलं नाही, सिनेमा पळतोय.

फिल्म सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होते. पाल सेकंदाला २५ चौकटी दाखवते. डीव्हीडीच्या जमान्यात सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याच चौकटी २५ च्या वेगाने सोडून द्यायच्या. म्हणजे सिनेमा ४ टक्क्यांहून थोडा जास्त वेगाने चालतो. १३६ ला ०.९६ ने गुणा: १३० मिनिटं ३४ सेकंद. तुमचा काउंटर बरोबर तिथेच थांबतोय.

आवाजही त्याच वेगाने पळवला की सूर चढतो, सुमारे ७१ सेंट. पेटीवर शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट, तेव्हा पांढरी एकमधलं गाणं जवळजवळ काळी एकच्या दारात जाऊन उभं राहतं. मारधाडीच्या सिनेमात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण इथे नायकाची सगळी पुंजी म्हणजे त्याचा खर्ज. 'आय वॉक द लाइन'च्या मूळ १९५६ च्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक कडव्याआधी पट्टी बदलते, कॅश गुणगुणून नवा सूर धरतो आणि शेवटचं कडवं पहिल्याच्या खालच्या सप्तकात गातो. अशा गायकाच्या सिनेमाचा सूर पाऊण पट्टी वर सरकला तर खाली उतरण्याचं वजनच जातं.

काही पाल डिस्कमध्ये वेग वाढवूनही सूर मुद्दाम मूळ जागी आणलेला असतो, म्हणून कानावर विसंबू नका. मोबाइलवर गिटार ट्यूनरचं ॲप उघडा, संदर्भ ए = ४४० हर्ट्झ ठेवा आणि गिटारचा एकटा, लांबलेला खालचा सूर मिळेल तिथे फोन स्पीकरजवळ धरा. खालची मोकळी ई तार ८२.४ हर्ट्झची. चढलेल्या डिस्कवर ती ८५.८ ला वाजते आणि ट्यूनर 'एफ, उणे ३०' च्या आसपास दाखवतो, म्हणजे ईच्या पुढच्या पट्टीच्या ३० सेंट खाली. पाच-दहा सेंटचा फरक वाद्य जुळवण्यातलाही असू शकतो, सत्तरचा नाही. एकाच सुरावर निकाल देऊ नका, तीन-चार जागा तपासा. सगळीकडे तेवढाच फरक आला की खात्री.

पडदाप्रेमी

वरच्याशी सहमत. खरेदीआधी चार आकडे लिहून ठेवा: १३६, १३०, १५३, १४७. १३६ म्हणजे चित्रपटगृहातली आवृत्ती योग्य वेगात, १३० म्हणजे तीच पालमध्ये. १५३ म्हणजे लांबवलेली, १४७ म्हणजे लांबवलेली पालमध्ये. डब्याच्या मागची मिनिटं कधीकधी दुसऱ्याच आवृत्तीवरून छापलेली असतात, त्यामुळे जुनी डिस्क घेताना विकणाऱ्याला प्लेअरवरच्या एकूण वेळेचा फोटो मागा. संगणकावर बघायचं तर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये डीव्हीडीवरची व्हीओबी (चित्र-आवाजाची) फाइल टाका: ७२० × ५७६ आणि २५ चौकटी म्हणजे पाल, ७२० × ४८० म्हणजे एनटीएससी, अमेरिकेतली पद्धत.

आता तिसरी शंका. अमेरिकन ब्लू-रेवर १३६ मिनिटांची आवृत्ती आहे, १०८०पी, सेकंदाला २४ चौकटी, आणि आवाज डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ ५.१ (डीटीएस हा डिस्कवर आवाज साठवण्याचा एक प्रकार, डॉल्बी हा दुसरा). लांबवलेल्या डीव्हीडीत १७ मिनिटं जास्त आहेत, पण चित्र ४८० ओळींचंच. मला विचाराल तर ब्लू-रे. ती १७ मिनिटं एकदा बघून होतात. वेग, सूर आणि काळा रंग प्रत्येक वेळी बघावे लागतात.

काळ्या रंगाचं म्हणाल तर हा सिनेमा त्या बाबतीत डीव्हीडीचा अंत बघतो. काळा कोट, मागे अंधारा रंगमंच, वरून एकच दिवा. कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी माहिती साठवली की) कोटाच्या घड्या जाऊन तिथे चौकोनी ठिगळं दिसतात, दिव्याभोवतीच्या उजेडाला पायऱ्या पडतात. ब्लू-रेवर कापडाचा पोत टिकतो आणि ३५ मिमी फिल्मचा दाणाही दिसतो. तो दाणा म्हणजे दोष समजून टीव्हीचं नॉइज रिडक्शन चढवू नका, चेहरे मेणाचे होतील. शार्पनेस शून्यावर (काही टीव्हींवर तटस्थ जागा शून्य नसते, ती मॅन्युअलमध्ये बघा), मोशन स्मूदिंग बंद, चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' (कडा न कापता पूर्ण चित्र).

एवढं करूनही कोट म्हणजे नुसता काळा डाग दिसत असेल तर दोष डिस्कचा नाही, एचडीएमआयच्या काळ्या पातळीचा आहे. प्लेअर पूर्ण पल्ला, ० ते २५५, पाठवतोय आणि टीव्ही मर्यादित पल्ला, १६ ते २३५, धरतोय असं झालं की सावल्या बुडतात. उलट झालं तर काळा राखाडी दिसतो. दोन्हीकडे मर्यादित ठेवा.

आणखी एक सापळा. २००६ च्या फेब्रुवारीअखेर, ऑस्करच्या तोंडावर, अमेरिकेत पहिली डीव्हीडी आली तेव्हा ती रुंद पडद्याची आणि 'फुल स्क्रीन' अशी दोन्ही विकली गेली. जुन्या बाजारात फुल स्क्रीन स्वस्त पडते ती का, हे बघितल्यावर कळतं: कॅश आणि गायिका जून कार्टर रंगमंचावर दोन टोकांना उभे असले की चौकोनी चौकटीत एकालाच जागा. फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तिसरीघंटा

'एक्स्टेंडेड'ला एकदम मोडीत काढू नका. वाढलेल्या मिनिटांत गाण्यांच्या प्रसंगांना जास्त जागा आहे, आणि फिनिक्स व जूनचं काम करणारी रीझ विदरस्पून दोघांनी स्वतः गायलंय (संगीताची बाजू टी बोन बर्नेटची), तेव्हा गाण्यासाठी सिनेमा बघणाऱ्याला ती हवीच. अमेरिकन एनटीएससी असेल तर वेग आणि सूर जागेवर असतात. एनटीएससीत चौकटी पळवत नाहीत. एक तीनदा, एक दोनदा अशा आलटून-पालटून दाखवून २४ चे ६० करतात. त्याची किंमत म्हणजे कॅमेरा हळू सरकताना किंचित अडखळणं. टीव्हीत 'रिअल सिनेमा' किंवा 'फिल्म मोड' असेल तर तो चालू करा, बरंचसं जातं.

माझा क्रम: ब्लू-रे, मग एनटीएससी एक्स्टेंडेड, मग साधी एनटीएससी. पाल सगळ्यात शेवटी, कितीही स्वच्छ दिसली तरी. ५७६ ओळी ४८० पेक्षा जास्त असतात म्हणून लोक पालची शिफारस करतात. संगीताच्या सिनेमात तो सौदा तोट्याचा.

फ्रेममोज्या

रीजनचं राहिलं. ब्लू-रेला अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. डब्यावर षटकोनात अक्षर असतं. डीव्हीडीला पृथ्वीच्या चिन्हात आकडा: अमेरिका १, ब्रिटन २, भारत ५. डीव्हीडीचा रीजन काही प्लेअरमध्ये उघडता येतो, ब्लू-रेचा सहसा नाही. म्हणजे अमेरिकन ब्लू-रे मागवण्याआधी रीजन-फ्री प्लेअर आहे का ते पक्कं करा. न्यू जर्सीहून येणाऱ्या मावशीला फक्त डिस्क आणायला सांगाल तर प्लेअर एक ओळीचा संदेश दाखवून गप्प बसेल. संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडीचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, पाचव्यांदा ठेवाल तो कायमचा.

हा सिनेमा काढणाऱ्या फॉक्स कंपनीच्या त्या काळातल्या बऱ्याच ब्लू-रेंवर बीडी प्लस नावाचं जादा संरक्षण असे. जुन्या प्लेअरवर डिस्क लोड होता होता अडकली तर ती बाद समजण्याआधी फर्मवेअर (प्लेअरमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बघा.

काळीदोन

ट्यूनर लावला. चार ठिकाणी तपासलं, सगळीकडे उणे २५ ते उणे ३५. म्हणजे चढलेलीच आहे. नवी येईपर्यंत हीच डिस्क लॅपटॉपवर मूळ वेगात वाजवता येईल का?

फ्रेममोज्या

येईल. व्हीएलसी या प्लेअर ॲपात प्राधान्यांच्या ऑडिओ पानावर 'एनेबल टाइम-स्ट्रेचिंग ऑडिओ' असा चौकोन आहे, त्याची खूण काढा. हे विसरलात तर वेग उतरेल पण सूर चढलाच राहील, कारण सूर न हलवता वेग बदलणं हेच त्या सोयीचं काम. मग सगळी प्राधान्यं दाखवणारा पर्याय निवडून इनपुट / कोडेक्समध्ये प्लेबॅक स्पीड ०.९६ करा. ऑडिओ पासथ्रू (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) बंद हवा. डॉल्बीचा प्रवाह जसाच्या तसा साउंडबारकडे गेला तर व्हीएलसीला तो उतरवता येत नाही. शेवटी ट्यूनर पुन्हा लावा, ई जागेवर आली पाहिजे. आता चौकटी २४ होतात, तेव्हा पडद्याचा रिफ्रेश २४ वर नेता आला तर न्या, नाहीतर ६० वर थोडं अडखळेल.

दुसरा सिनेमा लावण्याआधी ०.९६ परत १ करा. तो आकडा तिथेच राहतो आणि मग बाकी सगळं सुस्त वाटायला लागतं.

खर्जातला

आवाजाच्या तारेकडे कुणी बघितलं नाही अजून. एलजीने २०२० ते २०२२ च्या टीव्हींत डीटीएस घेतलं नव्हतं, म्हणजे तुमचाही त्यातच. ब्लू-रे प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही एआरसीने साउंडबारला अशी जोडणी ठेवलीत तर डीटीएस-एचडीची डिस्क लावूनही मुकी राहील, किंवा प्लेअर आपणहून स्टिरिओवर येईल.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे सांगतो. साउंडबारला एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेअर थेट त्यात जोडा आणि तिथून टीव्हीला. प्लेअरचं डिजिटल आउटपुट 'बिटस्ट्रीम' (आवाज न उलगडता बारकडे पाठवणं) ठेवा. बार डीटीएस-एचडी उघडत नसेल तरी आतला साधा डीटीएसचा गाभा, सेकंदाला १.५ मेगाबिटचा, बहुतेक बार वाजवतात. डीव्हीडीवरच्या डॉल्बीची कमाल मर्यादा ४४८ किलोबिट आहे, त्यापेक्षा हे पुष्कळ बरं. इनपुट नसेल आणि टीव्ही व बार दोन्हींना ईएआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) असेल तर प्लेअर 'पीसीएम'वर (आवाज प्लेअरनेच उलगडून पाठवणं) ठेवा, टीव्हीने मल्टिचॅनल पुढे पाठवलं तर पूर्ण ५.१ मिळेल. साध्या एआरसीवर पीसीएम म्हणजे दोनच वाहिन्या, हे लक्षात असू द्या.

जोडणी बरोबर झाली का, हे तपासायला मेनूत शोधाशोध नको. सिनेमा १९६८ च्या फोल्सम तुरुंगात सुरू होतो. कॅमेरा अजून बाहेर आहे, आतून कैद्यांच्या पायांचा ठेका येतोय, आणि कॅश कामशाळेत करवतीच्या पात्यापाशी बसलाय. तो ठेका जमिनीतून आल्यासारखा वाटला पाहिजे. नुसती टकटक ऐकू आली तर ५.१ चं दोन वाहिन्यांत रूपांतर होतंय. त्या रूपांतरात सबवूफरची वेगळी वाहिनी सहसा टाकूनच देतात, म्हणून स्टिरिओत हा प्रसंग पोकळ वाटतो.

प्लेअरमधलं डायनॅमिक रेंज कंप्रेशन बंद करा, बारवरचा 'नाइट मोड'ही. ते चालू राहिलं तर कुजबूज आणि मैफल एकाच उंचीवर येतात. बारवर 'म्युझिक' मोड लावायचा मोह होतो, तो लावू नका. पुढचा गाण्याचा आवाज तो मागच्या स्पीकरांतही ओततो आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांची जागा जाते. 'स्टँडर्ड' किंवा 'डायरेक्ट' पुरे.

काळीदोन

बारला एचडीएमआय इनपुट आहे, आजवर रिकामाच होता. पण बार फोर-के पुढे नेत नाही, १०८०पीच. चित्राचं नुकसान?

खर्जातला

या डिस्कपुरतं काहीच नाही. डिस्क १०८०पी आहे, तिचं फोर-के टीव्हीच करून घेईल. प्लेअरमधलं अपस्केलिंग बंद करा आणि '२४पी आउटपुट' चालू ठेवा. बारमधून २४ पुढे जात नसेल तर टीव्हीच्या माहितीपट्टीवर १०८०पी ६० हर्ट्झ दिसेल. तसं दिसलं तर बारच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये पासथ्रू बघा, आणि केबल बारच्या 'आउट'मधून टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या खाचेतच आहे ना तेही. दुसऱ्या खाचेत घातली तर चित्र येईल, पण टीव्हीचा स्वतःचा आवाज बारवर येणं बंद होईल.